ठाण्यातल्या गल्लीबोळातल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाडा, चरई, पाचपाखाडी, उथळसर, कोपरी अशा जुन्या भागांतून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तळमजला अधिक तीन मजले, दहा-वीस बिऱ्हाडं, खाली चार दुकानं आणि समोर अरुंद गल्ली अशी इमारत गृहीत धरली आहे. मोठ्या संकुलांचं गणित निराळं असतं. नवी मुंबईचा वेगळा प्रश्न शेवटाकडे आहे.

१. आमची इमारत चाळीस वर्षांची आहे. म्हणजे ती धोकादायक झाली का?

नाही. वय हा फक्त तपासणीचा इशारा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून स्थैर्य प्रमाणपत्र महापालिकेला द्यावं लागतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी ऑडिट सांगितलं आहे. साठ वर्षांची लोडबेअरिंग (भिंतींवर भार पेलणारी) इमारत ठणठणीत निघते आणि १९८५ च्या आसपासची आरसीसी (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याची) इमारत खिळखिळी, असं ठाण्यात सर्रास दिसतं. पाणी कुठे मुरलं आणि सळईवर काँक्रीटचं कव्हर किती होतं, यावर सगळं अवलंबून असतं.

२. सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ म्हणजे काय?

महापालिकेच्या दरवर्षीच्या पावसाळ्यापूर्वीच्या यादीत हीच अक्षरं असतात. वर्गवारी ५ नोव्हेंबर २०१५ च्या शासन निर्णयातून आली.

सी-१: अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य. तातडीने रिकामी करून पाडायची.
सी-२ए: रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती.
सी-२बी: रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती.
सी-३: किरकोळ दुरुस्ती.

लोक गल्लत करतात ती सी-२ए मध्ये. ‘रिकामी करा’ हे शब्द वाचून इमारत पाडायला सांगितली असं समजलं जातं. तसं नाही, दुरुस्ती झाल्यावर परत राहायला जाता येतं. उलट सी-२बी म्हणजे ‘काही घाई नाही’ असंही नाही. दोन पावसाळे दुरुस्ती टाळली की पुढच्या ऑडिटमध्ये अक्षर बदललेलं असतं.

३. स्ट्रक्चरल ऑडिटच्या रिपोर्टमध्ये नुसते आकडे आहेत. तो वाचायचा कसा?

आधी शेवटचं पान वाचू नका. निष्कर्ष तिथे असतो, पण तो कशावरून काढला हे आतल्या तक्त्यांत असतं. तक्तेच नसतील, फक्त फोटो आणि ‘इमारत जीर्ण आहे’ एवढंच असेल, तर ते ऑडिट नव्हे.

अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी: काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते यात मोजतात. सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, ३ ते ३.५ मध्यम आणि ३ च्या खाली शंकास्पद.

कार्बोनेशन: कॉलमचा छोटा तुकडा काढून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. गुलाबी झालं तर काँक्रीटमधला अल्कधर्म (अल्कली) शाबूत आहे आणि तो सळईला गंजापासून वाचवतो. रंगच आला नाही तर तो भाग कार्बोनेट झाला. ही खोली मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. ती कव्हरशी ताडून पाहा. कॉलमला ४० मिमी कव्हर आहे आणि कार्बोनेशन १५ मिमी, तर हाताशी वेळ आहे. स्लॅबला प्रत्यक्षात १२ मिमीच कव्हर आहे आणि कार्बोनेशन २० मिमी, तर सळई उघडी पडल्यात जमा आहे.

हाफ-सेल पोटेन्शियल: उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त उणे आकडा आला तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता खूप मोठी.

कोअर टेस्ट: नळकांड्यासारखा नमुना कापून दाबतात. तीन नमुन्यांची सरासरी ठरलेल्या ग्रेडच्या (काँक्रीटच्या ताकदीच्या) किमान ८५ टक्के हवी आणि कुठलाही एक नमुना ७५ टक्क्यांखाली नको.

नमुने कुठून घेतले, हेही विचारा. सगळे स्टिल्टमधल्या (खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यातल्या) कोरड्या कॉलमचे घेतले तर रिपोर्ट छान येतो, सगळे संडासाच्या डक्टजवळचे घेतले तर वाईट. किमान निम्मे नमुने तळमजल्याच्या कॉलममधून हवेत, कारण साऱ्या इमारतीचा भार तिथे असतो. दोन अभियंत्यांचे अहवाल परस्परविरोधी आले तर निष्कर्षावर भांडत बसण्याऐवजी दोघांचे नमुन्यांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवा. बहुतेक वेळा वाद तिथेच उलगडतो.

४. जॅकेटिंग (जुन्या कॉलमभोवती नवं वेष्टन घालून दुरुस्ती) करून भागेल का, की पाडणंच बरं?

सळईवरचा गंज मूळच्या लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, म्हणून कव्हर फुटून पोपडे पडतात. नुसतं पॉलिमर मॉर्टर थापलं आणि आतला गंज तसाच ठेवला, तर तीन-चार वर्षांत त्याच रेषेत पुन्हा तडा जातो. नीट दुरुस्तीत खराब काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढावं लागतं, सळई घासून गंजरोधक लावावं लागतं, सळई खूप झिजली असेल तर नवी जोडावी लागते आणि वरून मायक्रोकाँक्रीट भरावं लागतं. हे काम चालू असताना खाली टेकू हवेत. ‘टेकू लावले की दुकान बंद ठेवावं लागतं’ म्हणून ते न लावता कॉलम फोडणारे ठेकेदार सापडतात. असं काम तिथल्या तिथे थांबवा.

आमचा कल असा: दोनतृतीयांशांहून जास्त कॉलम ठीक असतील आणि गळती थांबवता येण्यासारखी असेल, तर दुरुस्ती करून पंधरा वर्षं काढा. तेवढ्यात समोरच्या रस्त्याचा प्रश्न सुटलेला असू शकतो. तो किती महत्त्वाचा आहे हे पुढच्या उत्तरात.

५. बिल्डर येतात, चहा पितात, मोजमाप करतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. इमारत एवढी मोक्याची असून असं का?

बहुतेक वेळा कारण एकच असतं: समोरची गल्ली ९ मीटरपेक्षा अरुंद आहे.

२ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेने मुंबई वगळता जवळपास साऱ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली (युडीसीपीआर). तिच्या मूळ तक्त्यात, दाटवस्तीबाहेरच्या भागासाठी, एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. ९ मीटरपेक्षा कमी रस्ता असेल तर १.१० वरच थांबतो. ९ ते १२ मीटरला प्रीमियम (महापालिकेला पैसे भरून मिळणारा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून आणलेला हस्तांतरणीय विकास हक्क) धरून २.०० होतो, १२ ते १५ मीटरला २.२५, आणि असाच वाढत ३० मीटरच्या रस्त्यावर ३.०० पर्यंत जातो. गावठाण आणि दाटवस्तीला तक्ता वेगळा आहे, म्हणून आपला भूखंड विकास आराखड्यात कुठल्या रंगात येतो हे वास्तुविशारदाकडून पहिल्याच दिवशी पाहून घ्या. तक्त्यात वेळोवेळी दुरुस्त्याही होतात, तेव्हा चालू प्रत मागा.

आता गणित. भूखंड ६०० चौरस मीटर, १२ बिऱ्हाडं, प्रत्येकाचं कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) ४५० चौरस फूट, वापरलेला एफएसआय १ म्हणजे ६०० चौरस मीटर. जुन्या बहुसदनिका इमारतींना नियम ७.६.१ खाली प्रोत्साहनपर एफएसआय मिळतो: अधिकृत बांधकामाच्या ३० टक्के किंवा दर सदनिकेमागे १५ चौरस मीटर, यांतलं जे जास्त असेल ते. इथे दोन्ही १८० चौरस मीटरच येतात.

गल्ली ६ मीटर असेल तर ६६० अधिक १८०, म्हणजे ८४०. त्यावर प्रीमियम भरून ६० टक्के अनुषंगिक क्षेत्र (जिना, लिफ्ट, बाल्कनी अशांसाठीचं जादा बांधकाम) मिळवलं की १,३४४. ढोबळ ७५ टक्के कार्पेट धरलं तर सुमारे १,००० चौरस मीटर. जुन्या सभासदांना ३५ टक्के वाढीव द्यायचे तर ६८० च्या आसपास तिथेच गेले. विक्रीला उरले ३३० च्या जवळपास.

गल्ली ९ मीटर असेल तर १,२०० अधिक १८०, म्हणजे १,३८०. अनुषंगिक धरून २,२०८. कार्पेट सुमारे १,६५०. विक्रीला ९७० च्या घरात.

म्हणजे विक्रीयोग्य जागा जवळजवळ तिप्पट. भूखंड तोच, इमारत तीच, फरक फक्त तीन मीटर डांबराचा. पहिल्या परिस्थितीत ३३० चौरस मीटर विकून बिल्डरला साऱ्या बांधकामाचा खर्च, महापालिकेचे प्रीमियम, दोन-अडीच वर्षांचं भाडं आणि कॉर्पस (सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम) काढायचा असतो. ते निघत नाही, म्हणून तो चहा पिऊन जातो. अशा गल्लीत राम मारुती रोडच्या तोंडावरच्या इमारतीचा देकार दाखवून कुणी तेवढंच मागू लागलं, तर पाच वर्षं बैठकाच होत राहतात.

६. मग गल्ली ९ मीटरची होऊ शकते का?

हो. महापालिकेला महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा ठरवण्याचा अधिकार आहे. ६ मीटरची गल्ली ९ मीटर ठरवली की दोन्ही बाजूंचे भूखंड साधारण दीड-दीड मीटर मागे सरतात. तुमची दर्शनी बाजू २० मीटर असेल तर ३० चौरस मीटर जागा रस्त्यात जाते, आणि तिच्या मोबदल्यात एफएसआय किंवा टीडीआर मिळतो.

रेषा मंजूर होण्याआधी जाहीर सूचना निघते आणि हरकतींसाठी किमान एक महिन्याची मुदत असते. अडतं ते इथेच. गल्लीच्या तोंडाशी नुकतीच बांधलेली इमारत असली की तिला मागे सरायचं नसतं, कारण तिचा कंपाउंड आणि दोन पार्किंग जाणार असतात. म्हणून एकट्या सोसायटीने अर्ज करण्यापेक्षा गल्लीतल्या सगळ्या सोसायट्यांनी मिळून, प्रत्येकाच्या मालमत्ता पत्रकाच्या प्रतीसह आणि सर्वेक्षकाने काढलेल्या एकाच नकाशावर अर्ज करावा. नकाशावर दर १० मीटरला प्रत्यक्षातली रुंदी लिहा. ‘६ मीटर’ म्हणवणारी गल्ली मधेच ५.२ ची निघते आणि तेवढ्यावरून फाईल परत येते.

रेषा ठरणं म्हणजे रस्ता त्याच दिवशी रुंद होणं नव्हे. जी इमारत पुनर्विकासाला जाईल ती मागे सरते, बाकीच्या तिथेच राहतात. त्यामुळे काही वर्षं गल्ली दातपडक्या कंगव्यासारखी दिसेल. त्याला इलाज नाही.

७. शेजारच्या सोसायटीबरोबर एकत्र गेलो तर फायदा होतो का?

बहुधा होतो, आणि तो एफएसआयपेक्षा जागेच्या वापरात असतो. दोन इमारतींमधली बाजूची मोकळी अंतरं वाचतात. जिना, लिफ्ट आणि पाण्याच्या टाक्या एकच लागतात. पार्किंगला रॅम्प बसतो, नाहीतर लहान भूखंडावर यांत्रिक पार्किंगशिवाय गत्यंतर नसतं. एक भूखंड मोठ्या रस्त्याला लागून असेल तर एकत्रीकरणानंतर साऱ्या भूखंडाला त्या रस्त्याच्या रुंदीचा लाभ मिळू शकतो. मागच्या गल्लीतल्या सोसायटीसाठी हा सगळ्यात कमी खर्चाचा रस्ता आहे.

अट एवढीच, की दोन्ही सोसायट्यांचे ठराव स्वतंत्र हवेत (प्रश्न १० पाहा) आणि दोन्हींचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावे होणं) झालेलं हवं (प्रश्न ९). आधी कुणाला किती टक्के याच्या वाटाघाटी सुरू करू नका. आधी जमिनीची संयुक्त मोजणी करा. जुन्या कुंपणाची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत एक फूट शिरलेली असणं अगदी नेहमीचं, आणि एकत्र आलात तर तो वादच संपतो.

८. आमच्या भागात क्लस्टर येणार म्हणतात. थांबायचं का?

क्लस्टर म्हणजे नागरी पुनरुत्थान योजना. ठाण्यात सलग किमान १०,००० चौरस मीटर क्षेत्रासाठी ती आखली जाते, आणि प्रत्यक्ष सुरुवात वागळे पट्ट्यातल्या किसन नगरपासून झाली. जिथे इमारती अनधिकृत आहेत आणि एकट्याने उभं राहणं शक्य नाही, तिथे ती उपयोगाची आहे. अधिकृत नकाशे, स्वच्छ मालकी आणि पुरेसा रस्ता असलेल्या सोसायटीने निव्वळ अफवेवर थांबू नये. आपला भूखंड मंजूर आराखड्याच्या हद्दीत आहे की नाही, हे शहर विकास विभागाकडून लेखी घ्या. इमारत सी-१ असेल तर थांबण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न १६ पाहा.

९. कन्व्हेयन्स झालेलं नाही. मूळ बिल्डर हयात नाही आणि जमीनमालकाचे वारस चौदा आहेत. पुढे जाता येईल का?

डीम्ड कन्व्हेयन्सने, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाने. १९६३ च्या मोफा (सदनिका मालकीविषयक) कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकाकडे नमुना ७ मध्ये अर्ज करायचा. सभासदांचे नोंदणीकृत करारनामे, इंडेक्स-२ (दस्तनोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मालमत्ता पत्रक आणि वास्तुविशारदाचं क्षेत्र प्रमाणपत्र लागतं. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. आदेश मिळाल्यावर काम संपलं असं समजून पुष्कळ सोसायट्या थांबतात. त्यापुढे मुद्रांक निश्चिती, दस्ताची नोंदणी आणि नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव चढवणं बाकी असतं. नाव चढलं तरच ते खरं.

घोळ होतो तो क्षेत्रफळात. करारनाम्यात ७२० चौरस वार, मालमत्ता पत्रकावर ५७८ चौरस मीटर आणि जागेवर ५६५ चौरस मीटर, असे तीन आकडे निघतात. चौरस वार आणि चौरस मीटर यांची सरमिसळ आधी सोडवा (१ चौरस वार म्हणजे ०.८३६ चौरस मीटर, म्हणजे ७२० वारांचे ६०२ मीटर). उरलेल्या फरकासाठी सरकारी मोजणी मागवा. परवानगीच्या वेळी कमी आकडाच धरला जातो, हे गृहीत धरूनच देकारांकडे पाहा.

१०. बिल्डर निवडायची सभा कशी घ्यायची? किती मतं लागतात?

४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालच्या पुनर्विकासाच्या सूचना सुधारल्या. विकासक निवडीच्या विशेष सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश गणपूर्ती हवी, आणि ठराव एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांनी मंजूर व्हायला हवा. ‘हजर असलेल्यांच्या ५१ टक्के’ ही नेहमीची चूक. १८ सभासदांत १२ हजर आणि ७ जणांचा होकार, तर ठराव पडला. १० जण हवेत.

सभेला निबंधकाचा प्राधिकृत अधिकारी हजर असतो आणि चित्रीकरण होतं. प्रॉक्सी चालत नाही. मुलगा वडिलांच्या जागी येऊन बसला तर त्याचं मत मोजू नका, पुढे तेच न्यायालयात निघतं. समिती सदस्य किंवा त्यांचे नातेवाईक विकासक असता कामा नयेत.

त्याआधीचा क्रम असा: प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, त्याचा व्यवहार्यता अहवाल, तो सभासदांपुढे ठेवणं, मग निविदा. अहवालाआधी निविदा काढल्या तर बिल्डरच तुम्हाला तुमचा एफएसआय सांगतो.

११. एक बिल्डर ३५ टक्के वाढीव देतोय, दुसरा २८. मग पहिलाच बरा ना?

३५ टक्के कशावर, ते आधी विचारा. मंजूर नकाशाप्रमाणे कार्पेट ४०० चौरस फूट असेल तर ३५ टक्क्यांनी ५४० होतात. बंद केलेली बाल्कनी धरून आजचं कार्पेट ४४० असेल आणि त्यावर २८ टक्के मिळत असतील, तर ५६३ होतात. म्हणजे दुसरा जास्त देतोय.

शिवाय ‘कार्पेट’ हा शब्द करारात रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) व्याख्येप्रमाणे लिहून घ्या. त्यात आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी येत नाहीत. बाल्कनी वेगळ्या ओळीत लिहा. आकडा टक्क्यांत न लिहिता प्रत्येक सदनिकेसमोर चौरस फुटांत आणि चौरस मीटरमध्ये लिहा, आणि सोबत फर्निचरसह मांडणीचा नकाशा जोडा. स्वयंपाकघरात ओटा, फ्रिज आणि वॉशिंग मशीन काढून दाखवल्यावरच ५४० फूट किती लहान आहेत ते कळतं.

१२. करारात कुठल्या गोष्टींवर अडून बसायचं?

बँक हमी: ७९अ च्या सूचनांत प्रकल्प खर्चाच्या २० टक्के हमी सांगितली आहे. ती बिनशर्त आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत चालू राहणारी असावी. दर वर्षी नूतनीकरण करायची हमी नेमकी काम रखडल्यावर संपते.

भाडं: पहिल्या वर्षाचे धनादेश घर सोडण्याआधी, पुढच्या वर्षांचं दरवर्षीच्या वाढीसह. दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च दोन्ही वेळचा, कारण परत यायलाही टेम्पो लागतो.

घर कधी सोडायचं: मंजूर नकाशे, बँक हमी, नोंदणीकृत विकास करार आणि प्रत्येकाचा पर्यायी जागेचा करार हातात आल्यावर. ‘तुम्ही खाली करा, परवानगी आठ दिवसांत येतेय’ हे वाक्य ऐकलं की उठून या.

मुखत्यारपत्र: सरसकट आणि अपरिवर्तनीय नको. बिल्डरला विक्रीच्या सदनिका विकण्याचा अधिकार जोत्यापर्यंत इतका, स्लॅबपर्यंत इतका, अशा टप्प्यांत द्या. शेवटच्या काही सदनिका भोगवटा प्रमाणपत्रानंतरच. सभासदांच्या हातात खरं शस्त्र हेच असतं, कारण दंडाची रक्कम वसूल करायला वर्षं जातात.

रेरा: भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका ८ पेक्षा जास्त नसतील तर महारेरा नोंदणी सक्तीची नाही. नौपाड्यातले बरेच भूखंड इतके लहान आहेत की त्या संरक्षणाच्या बाहेर राहतात. तिथे करार दुप्पट काळजीने वाचा.

१३. तळमजल्यावर दुकानं आहेत. दुकानदार तयार होत नाहीत. त्यांचं नेमकं दुखणं काय?

दुकानदाराचा धंदा चौरस फुटांवर चालत नाही, दर्शनी रुंदीवर चालतो. १० फूट तोंड आणि १५ फूट खोल असा गाळा सोडून ७ फूट तोंड आणि २५ फूट खोल गाळा दिला, तर कागदावर क्षेत्र वाढलं, पण फळी लावायला जागा गेली. त्यात इमारत मागे सरते, पुढे पार्किंगची वाट येते आणि जोतं तीन पायऱ्या उंच होतं. आज रस्त्याच्या पातळीवर असलेलं किराणा दुकान उद्या पायऱ्या चढून जायचं ठरलं, की म्हातारी गिऱ्हाइकं तुटली.

म्हणून त्यांच्या करारात चार आकडे लिहा: दर्शनी रुंदी, खोली, आतली उंची आणि रस्त्यापासून जोत्याची उंची. गाळ्याचा क्रमही आजचाच ठेवा, कोपरा कुणाचा ते लिहा. बांधकामाच्या काळातलं भाडं राहत्या घराच्या दराने नको. त्याच रस्त्यावर पर्यायी गाळा मिळेल अशा दराने हवं. एवढं झालं की विरोध बराचसा मावळतो.

१४. १८ पैकी दोघं सही करत नाहीत. काम अडेल का?

ठराव नीट झाला असेल (प्रश्न १०) तर सहसा नाही. बहुमताचा निर्णय अल्पमतावर बंधनकारक असतो, अशीच न्यायालयांची सर्वसाधारण भूमिका आहे, आणि जागा रिकामी करून घेण्याचे आदेशही मिळतात. मात्र न्यायालय बघतं की त्या दोघांना इतरांइतकंच दिलं का, सभेची नोटीस मिळाली का आणि व्यवहार्यता अहवाल दाखवला का. त्यांच्या प्रत्येक पत्राला लेखी उत्तर द्या. कधी कधी विरोधामागे साधी गोष्ट असते: पहिल्या मजल्यावरच्या आजींना सहावा मजला नको असतो.

इमारत अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर ७९अ लागू होत नाही. घोषणापत्र घेऊन वकिलाकडे जा.

१५. आम्ही पागडीचे भाडेकरू आहोत. मालक म्हणतो, इमारत पाडली की तुमचा हक्क संपला. खरं का?

खोटं. इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, महापालिकेने पाडलेल्या इमारतीच्या प्रकरणातच स्पष्ट केलं. पण हक्क सिद्ध करायला कागद लागतात, आणि ते पाडकामात ढिगाऱ्याखाली जातात. भाडेपावत्या, वीजबिल, शिधापत्रिका आणि मालमत्ता कराच्या नोंदीचा उतारा आधीच बाजूला काढा. घर सोडण्याआधी प्रभाग समितीकडे अर्ज करून प्रत्येक खोलीचं मोजमाप आणि भोगवटादारांची यादी सहीशिक्क्यासह घ्या. आपणही टेप लावून मोजा आणि तारखेसह फोटो काढा. पाडल्यानंतर ‘तुमची खोली १८० फुटांची होती’ असं कुणी म्हटलं, तर दुसरा पुरावा कुठून आणणार?

१६. सी-१ ची नोटीस आली. बिल्डर ठरलेला नाही. पोलीस बंदोबस्तात बाहेर काढतील का?

काढू शकतात. धोकादायक इमारत रिकामी करून घेण्याचे आणि पाडण्याचे अधिकार महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ आणि २६८ खाली आहेत, आणि वीज-पाणीही तोडलं जातं. नोटीस मिळताच दोन गोष्टी एकाच दिवशी करा: प्रश्न १५ मधलं मोजमाप आणि ऑडिट अहवालाची प्रत. अहवाल चुकीचा वाटत असेल तर दुसरं ऑडिट लगेच करा. पण तोवर किमान झोपायला दुसरीकडे जा. ४ ऑगस्ट २०१५ ला नौपाड्यात बी केबिनजवळची कृष्णनिवास इमारत मध्यरात्रीनंतर कोसळली, माणसं झोपेत होती.

रिकामी करणं आणि पुनर्विकास ही दोन स्वतंत्र कामं आहेत. सोसायटी जमिनीची मालक राहतेच. पाडल्यावर भूखंडाला पत्रे ठोका, सोसायटीच्या नावाचा फलक लावा आणि मोकळ्या जमिनीचा कर भरत राहा.

१७. नव्या घरावर मुद्रांक शुल्क आणि मिळणाऱ्या भाड्यावर कर लागतो का?

विकास करारावरचं मुद्रांक शुल्क बिल्डरने भरायचं. जुन्या सभासदाच्या पर्यायी जागेच्या करारावर, जुन्या घराच्या बदल्यात मिळणाऱ्या क्षेत्रासाठी फक्त नाममात्र (तेव्हा १०० रुपयांचा) मुद्रांक पुरतो, असं मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरवलं. पैसे देऊन जास्तीचं क्षेत्र विकत घेतलंत तर त्यावर शुल्क लागेल. विस्थापनाच्या भाड्यावर टीडीएस कापायचा नाही, हेही त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं.

१८. घरावर कर्ज आहे, किंवा सभासद वारले आणि वारसनोंद नाही. काय करावं?

बँकेचं ना हरकत पत्र घ्या. मूळ करारनामा त्यांच्याकडे असतो. वारसांच्या बाबतीत नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र परवानगीआधी करून घ्या, नंतर प्रत्येक सहीची किंमत वाढते.

१९. बिल्डर नकोच. स्वतः पुनर्विकास जमेल का?

राज्य शासनाने १३ सप्टेंबर २०१९ च्या निर्णयाने स्वयंपुनर्विकासाला चालना दिली. नफा सभासदांकडे राहतो, तशी जोखीमही. विक्रीला उरणारं क्षेत्र (प्रश्न ५) पुरेसं असेल, कन्व्हेयन्स पूर्ण असेल आणि तीन वर्षं रोज दोन तास देणारे किमान तीन सभासद असतील, तरच या वाटेला जा. तिसरी अट सगळ्यात अवघड.

२०. आमची इमारत वाशीत, सिडकोने बांधलेली आहे. हेच नियम लागू का?

सोसायटीची सभा, करार आणि ऑडिट यांचं सगळं तेच. फरक जमिनीत आहे. नवी मुंबईत जमीन बहुतेक भाडेपट्ट्याची आणि पट्टा देणारी सिडको. त्यामुळे कन्व्हेयन्सऐवजी भाडेपट्टा सोसायटीच्या नावे झाला आहे का ते पाहा. सिडकोचं ना हरकत प्रमाणपत्र आणि नवी मुंबई महापालिकेची बांधकाम परवानगी, अशी दोन दारं ठोठवावी लागतात. सदनिका वटमुखत्यारपत्रावर दोन-तीनदा विकली गेली असेल तर सिडकोकडचं हस्तांतरण आधी नियमित करा. एकट्या सदनिकेसाठी सगळ्या सोसायटीची फाईल अडते.

२१. चौथा मजला नंतर चढवलेला, विनापरवाना आहे. त्यांचं काय होणार?

एफएसआयचं गणित अधिकृत क्षेत्रावरच होतं. चौथ्या मजल्यावरच्यांना जागा द्यायची तर ती विक्रीच्या हिश्शातून, म्हणजे सगळ्यांच्या वाट्यातून जाते. हे सभेत उघडपणे मांडून ठरवा: तेवढंच क्षेत्र, कमी क्षेत्र की बांधकाम खर्च घेऊन क्षेत्र. लपवून ठेवलं तर परवानगीच्या वेळी वास्तुविशारदाच्या नकाशात चार सदनिका कमी पडतात आणि भांडण तेव्हा सुरू होतं.

२२. इमारत पाडली, जोतं झालं आणि काम बंद. भाडंही थांबलं. आता?

पहिल्या थकलेल्या भाड्याच्या दिवसापासून लेखी नोंद ठेवा. करारात लिहिलेल्या मुदतीची नोटीस द्या, ती संपली की हमी वटवण्याचं पत्र बँकेला द्या. हमीची मुदत संपायच्या आत ते पोचलं पाहिजे. मग विशेष सभेत करार रद्द करण्याचा ठराव करा आणि वकिलामार्फत मुखत्यारपत्र रद्द झाल्याची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात द्या, म्हणजे नवीन गिऱ्हाईक फसणार नाही. बिल्डरने तोवर विकलेल्या सदनिकांची यादी दुय्यम निबंधक कार्यालयात इंडेक्स-२ शोधून काढा, प्रकल्प नोंदवलेला असेल तर महारेराच्या संकेतस्थळावरही पाहा. नवा बिल्डर पहिला प्रश्न तोच विचारणार आहे: किती विकलं गेलंय?

उघड्या सळया तशाच सोडू नका. जोत्यातून वर आलेल्या कॉलमच्या सळयांना सिमेंटचं पाणी मारून प्लास्टिक बांधा. दोन पावसाळे उघड्या राहिल्या तर नव्या अभियंत्याला त्या कापून पुन्हा जोडाव्या लागतात, आणि तो खर्च नव्या देकारातून वजा होतो.